भासऱ्यांच्या देखत काढलेला फोटो

पार्सल उघडलं तेव्हा मला वाटलं, सुनेला कोणीतरी फसवलं. आत फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक काळी, जाडजूड, जुनी लेन्स होती. हातात घेतली तर खलातल्या बत्त्यासारखी जड. कडेचा रंग उडून खालचा पांढरा धातू दिसत होता आणि वास बंद कपाटाचा येत होता.

माझ्या सुनेचं आदिलाबादेत कचेरीच्या रस्त्यावर फोटोचं दुकान आहे. पासपोर्टचे फोटो, शेताच्या पासबुकाचे फोटो आणि लग्नसराईत लग्नं. तिच्याकडे नवा कॅमेरा आहे, त्याच्यासोबत आलेली नवी लेन्स आहे. मग ही रशियात बनलेली, तिच्या बापाच्या वयाची लेन्स कशाला?

“काऊन घेतली वं ही?” मी विचारलं.

“आई, ही मान्साचे चेहरे काढाची लेन्स हाये. पोर्ट्रेटची.”

“मंग आतापर्यंत काय म्हशीचे काढत होती?”

ती हसली. लग्न होऊन आली तेव्हा असं बोललं की रडायची. आता हसते. दोघींनाही ते बरं.

मी चौथीपर्यंत शिकले. पण वस्तू कशी चालते हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. शिलाई मशीन, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, सगळं मी खोलून पाहिलेलं आहे. घड्याळ परत चाललं नाही. ही लेन्स मात्र सुनेने खोलू दिली नाही. मग मी ती नुसती फिरवून पाहिली. तिला दोन कडी आहेत. एक फिरवलं की लेन्स लांब-आखूड होते. त्याने समोरचं स्पष्ट किंवा अस्पष्ट दिसतं. दुसरं फिरवलं की आतल्या पातळ पात्या एकमेकींवर सरकतात आणि मधलं भोक लहान होत जातं, उन्हात मांजराच्या डोळ्यातली बाहुली होते तसं. मी ते कडं पुन्हा पुन्हा फिरवत बसले. एवढ्या वर्षांपूर्वी कोणी तरी त्या पात्या हाताने बसवल्या असतील आणि त्या अजून अडकत नाहीत, हे मला लेन्सच्या किमतीपेक्षा मोठं वाटलं.

सुनेने एक गोल कडं मध्ये लावून लेन्स कॅमेऱ्याला जोडली. जुन्या लेन्सच्या चुड्या, म्हणजे आटे, नव्या कॅमेऱ्याला बसत नाहीत, म्हणून ते कडं. लेन्स घट्ट बसली. तर कॅमेऱ्याच्या काचेवर अक्षरं आली. सुनेने वाचून दाखवलं, “लेन्स जोडलेली नाही.”

“जोडली ना आता, माह्या म्होरं.”

“हिच्यात वायर नाई, आई. नव्या लेन्सा कॅमेऱ्यासंगं बोलतेत. ही बोलत नाई, म्हनून त्याले वाटते की कोनीच नाई.”

मग तिने कॅमेऱ्याच्या आत कुठेतरी जाऊन त्याला सांगितलं की लेन्स नसली तरी फोटो काढ. आणि त्याने काढला. त्याच्या हिशेबी समोर कोणी नव्हतं, तरी दिसत होतं. आमच्या गल्लीत अशा दोन घरच्या सासवासुना आहेत.

लेन्सच्या आत, काचेच्या कडेला, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे होते. बुरशी. लोणच्याला येते तीच. सुनेचं म्हणणं, थोडे दिवस ऊन दिलं की ती वाढायची थांबते. ऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण गच्चीवर माझ्या मूगवड्या होत्याच. मी लेन्स वड्यांच्या शेजारी त्याच कापडावर ठेवली, दोन्ही बाजूंची झाकणं काढून, म्हणजे ऊन आरपार जाईल. ऊन आरपार गेलं. मी पाणी पिऊन वर आले तर कापडातून धूर निघत होता, बोटभर भोक पडलं होतं आणि एक वडी कोळसा झाली होती. मी पाय दिला, विझवलं आणि मग तिथेच उकिडवी बसून लेन्स पुन्हा उन्हात धरून पाहिली. तो उजेडाचा ठिपका किती अंतरावर सगळ्यात बारीक होतो, ते पाहिलं. मागेपुढे केलं की ठिपका पसरतो आणि जाळत नाही. तेव्हा मला कळलं, ही बाई फोकस फोकस म्हणते ते काय. ज्या अंतरावर जळतं, त्या अंतरावर दिसतं.

सुनेला हे सांगितलं तर तिने आधी लेन्स तपासली, मग मला.

आणखी एक गोष्ट मी त्याच दिवसांत पाहिली. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डावा बाकी होता. उजव्यात डॉक्टरने नवी लेन्स घातली होती. डावी माझी स्वतःची, जन्मापासूनची. डावा झाकला की दोरीवरचं पांढरं लुगडं निळसर पांढरं दिसायचं, त्याच्यावरचे हळदीचे डागही दिसायचे. उजवा झाकला की तेच लुगडं चहात बुडवून काढल्यासारखं, डाग नाहीत, कडा मऊ. डागांचं लुगडं खरं की बिनडागाचं, हे ठरवायला मी पुष्कळ वेळा डोळे उघडझाप केले. शेजारीण म्हणाली, म्हातारी गच्चीवरून कोणाला डोळा मारून राह्यली. डॉक्टर दुसऱ्या डोळ्याची घाई करत होते. मी म्हटलं, थांबा, अजून पाहून झालं नाही. नंतर तोही करून घेतला.

पण सुनेचं त्या लेन्सशी जमत नव्हतं. दुकानात येणाऱ्यांना मागचं धुरकट झालेलं आवडत नाही. स्टेजच्या फुलांना पैसे दिले तर फुलं दिसली पाहिजेत, नवीन ट्रॅक्टरसमोर उभे राहिले तर ट्रॅक्टरचा नंबर वाचता आला पाहिजे. शिवाय फोकस हाताने करायचा, त्यात दोनातला एक फोटो हुकायचा. ती लेन्स परत पाठवायच्या विचारात होती. तेवढ्यात माझ्या बहिणीचा निरोप आला: तुही सून कॅमेरा घेऊन येईन का, माहा फोटो काढाले?

माझी बहीण मोठी. मी तिला बाई म्हणते. तिचं घर पैनगंगेच्या बाजूला, जैनथच्या पुढे एका खेड्यात. तिला फोटो हवा होता तो मेल्यावर भिंतीवर लावायला. हे ती भाजी निवडता निवडता सांगेल अशा आवाजात सांगते, आणि सांगू नये असं त्यात काही नाही. पण तिला साधा फोटो नको होता. त्याचं कारण तिची जाऊ.

तिची थोरली जाऊ गेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. बाईच्या मुलाने मोबाईलमध्ये काढलेला एक शोधला, मोठा करून आणला आणि हार घातला. तेराव्याला गावाने पाहिलं तर फोटोत एक गोरी, गुळगुळीत बाई. कपाळावरचं गोंदण गेलेलं, हनुवटीवरचे ठिपके गेलेले. मोबाईलने आपल्या अकलेने डाग समजून पुसले होते. नातेवाईक हात जोडत होते आणि एकमेकांना हळूच विचारत होते, ही कोण? त्या दिवशी बाईने मुलांकडून वचन घेतलं, माझ्या फोटोत गोंदण नसेल तर फोटो लावायचा नाही, मोकळी भिंत चालेल.

आमचं दोघींचं गोंदण एकाच दिवशी, एकाच गोंदणारणीने बाजारात केलं. भुवयांच्या मध्ये एक फुली, तिच्यावर चांदणी, हनुवटीवर ठिपके. बाई गप्प बसून राहिली होती. मी गोंदणारणीच्या हाताला चावले, म्हणून माझी चांदणी वाकडी आहे.

“मेल्यावर अंगावरचं सारं काढून घेतेत,” बाई मला फोनवर म्हणाली. “जोडवे बी काढतेत. गोंदन तेवढं संगं जाते. आन तुमचा तो मोबाईल ते बी काढून ठेवते!”

सुनेला वाटलं हे काम जुन्या लेन्सचंच. मी म्हटलं, थांब. दुकानात मी स्वतः स्टुलावर बसले आणि दोन्ही लेन्सांनी माझा फोटो काढायला लावला. गोंदण दोन्हींत आलं. वाकडी चांदणी दोन्हींत वाकडीच.

“पाह्य,” मी म्हटलं, “गोंदन जुन्या लेन्सनं येत नाई. मोबाईल नसला की येते. उगी जुन्या लेन्सचं कवतिक सांगू नको तिले.”

“तरी नेतो, आई. एखादा चांगला निघंन.”

दोन्ही लेन्सा घेऊन आम्ही जैनथपर्यंत बसने आणि पुढे ऑटोने गेलो.

तिथे पोचलो तर बाईच्या सुनेने तयारी करून ठेवलेली. ओसरीवर प्लास्टिकची खुर्ची, तिच्यामागे इस्त्री केलेली फुलांची चादर ताणून बांधलेली, आणि खुर्चीत बाई, तोंडाला जाड पावडर लावलेली. ज्या गोंदणासाठी एवढा उपद्व्याप, ते पावडरीखाली. मी काही बोलायच्या आत बाईनेच पदराने तोंड खसाखसा पुसलं.

“लावू देल्ली,” ती म्हणाली, “नाई त ही दिवसभर तोंड फुगवते.”

चादर माझ्या सुनेने उतरवली. तिला अंगणातला कडुनिंब मागे हवा होता. त्याला नवी पालवी फुटली होती आणि पानांतून उन्हाचे कवडसे पडत होते. ही लेन्स त्या कवडशांचं काहीतरी वेगळंच करते, असं ती म्हणाली. खुर्ची अंगणात मांडली. बाई बसली. आणि बसताक्षणी तिने पदर पुढे ओढला, पार भुवयांपर्यंत. गोंदण गेलं.

“मावशी, पदर जरासा मागं घ्या.”

“भासरे बसून हायेत.”

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. बाईचे भासरे कडुनिंबाखाली बाजेवर बसलेले होते. गाव त्यांना आबाजी म्हणतं. गेलेली जाऊ ती त्यांचीच बायको. फार म्हातारे आहेत, दिसत जवळजवळ नाही, कान मात्र तिखट. बाई या घरात लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर कपाळ उघडं टाकून कधी आली नाही, की त्यांच्याशी कधी थेट बोलली नाही. एकाच अंगणात जन्म गेला. तिचा चेहरा त्यांनी पाहिलेला नाही, डोळे होते तेव्हाही.

“अवो मावशी, त्यायले कुठं दिसते आता?” माझी सून तिच्या कानाशी वाकून दबक्या आवाजात म्हणाली.

“त्यायले दिसत नाई. पर मले ते दिसतेत ना!”

सुनेने कॅमेरा खाली केला. मी मध्ये तोंड घातलं.

“बाई, वय काय तुहं? पनतू चालाले लागला.”

“वय झालं म्हनून लाज बाजारात नेऊन इकू काय? तू आदलाबादची, तुले काय सांगाव.”

मग जागा शोधणं सुरू झालं. मागच्या अंगणात पराट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा ढीग आणि डोक्यावर ऊन. रस्त्याच्या बाजूला पारावर माणसं. आतली खोली अंधारी, आणि तिथे भिंतीवरून ती गोरी, गुळगुळीत जाऊ पाहत होती. बाई म्हणाली, हिच्या म्होरं नाई. फिरून फिरून कडुनिंबच उरला. सुनेने आपला घाम पुसला आणि कॅमेरा पिशवीत ठेवायला लागली. बाईने खुर्चीचे हात धरून ठेवले होते. पुन्हा कोण कॅमेरा घेऊन या खेड्यात तिच्यासाठी येणार होतं, हे तिलाही कळत होतं.

मी आबाजींच्या बाजेपाशी गेले. माझा पदर डोक्यावर असतो तेवढाच. माझे ते भासरे नाहीत.

“आबाजी, जरा वेळ उठून ओसरीवर बसता काय?”

“काऊन? ही सावली माही हाये.”

“बाईचा फोटो काढाचा हाये.”

“मंग काढा. मी कोनाचा हात धरला?”

“तुमी हाय तवर ते पदर मागं घेत नाई. आन तिले गोंदन दिसाले पाह्यजे. मेल्यावर लावाचा फोटो हाये. तुमच्या घरच्यायचा झाला तसा नको म्हन्ते.”

असं तोंडावर बोलायला नको होतं, हे सुनेच्या चेहऱ्यावरून मला कळलं. पण बोलून झालं होतं.  आबाजी पायाने चप्पल शोधत होते. मग म्हणाले, “तिच्या हनुवटीवर तीन होते. पोरं म्हनतेत, फोटोत एक बी नाई. मले काही दिसत नाई, म्या मानलं.”

“एक बी नाई,” मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

“हं.”

मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात टेकवले, एक पाय उचलून बाजेच्या पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून बसले. आमच्याकडे पाठ.

“घ्या,” ते बुंध्याला म्हणाले. “मी नाई इथं.”

बाईने त्या पाठीकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग तिने पदर मागे घेतला, आधी भुवयांवरून, मग केसांच्या रेषेपर्यंत. ऊन न लागलेलं तेवढं कपाळ बाकीच्या तोंडाहून उजळ होतं आणि त्याच्यावर ती फुली आणि चांदणी, माझ्यापेक्षा सरळ.

सुनेने घाईने आधी नवी लेन्स लावली, कारण ती हुकत नाही. कॅमेरा टिक् म्हणाला, झालं. कॅमेरा बाईच्या हातात दिला. बाईने काच नाकाशी नेली. गोंदण आलं होतं. पण बाईची नजर फोटोतल्या तिच्या स्वतःच्या खांद्यावरून मागे गेली.

“हे त्यायची पाठ,” ती म्हणाली. “हे अंगातली बंडी. कान बी दिसून राह्यला. नाई बाप्पा. हा भिंतीवर लावला त सारं गाव म्हनंन, भासऱ्याच्या म्होरं कपाळ उघडं टाकून बसली होती.”

“पाठ हाये त्यायची!” मी म्हटलं.

“पाठ बी त्यायचीच ना?”

तेव्हा सुनेने जुनी लेन्स लावली. पात्या पूर्ण उघडल्या. त्या भोकातून दोन बोटांएवढ्या जाडीचंच स्पष्ट दिसतं, त्याच्या पुढचं विरतं आणि मागचंही. हे मी गच्चीवरच्या जळक्या कापडावर शिकले होते. सून कडं फिरवत फिरवत म्हणाली, “मावशी, हलू नका.”

“काय म्हन्ते?” बाई ऐकायला पुढे वाकली. फोटो हुकला.

“मावशी, हलू नका म्हन्ते.”

“आँ?” पुन्हा पुढे. पुन्हा हुकला.

बाईला कमी ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याकडे वाकल्याशिवाय तिला ऐकताच येत नाही. दरवेळी ती त्या दोन बोटांच्या बाहेर जायची. फोटोत कधी कान स्पष्ट यायचा, कधी खुर्ची. मी सुनेच्या दंडाला चिमटा काढला आणि तोंडावर बोट ठेवलं. सगळे गप्प झाले. बाईच्या सुनेने कोंबड्या हाकलायच्या त्याही खुणेनेच हाकलल्या. बोलायला कोणी उरलं नाही तेव्हा बाई खुर्चीला टेकली आणि आपल्याला कोणी काही विचारत नाही म्हणून जराशी रागावून समोर पाहायला लागली. तिचं खरं तोंड तेच आहे. सुनेने तेव्हा काढला.

तो फोटो मी आधी पाहिला. डावा डोळा झाकून पाहिला, मग उजवा झाकून. बाईचं कपाळ, डोळे, गोंदण एकाच जागी येऊन थांबलं होतं. फुलीची निळसर हिरवी रेघ कुठे पसरली आहे, कुठे टोचताना सुई दोनदा बसली आहे, ते दिसत होतं. आणि तिच्या मागे कडुनिंबाची पानं उरली नव्हती. कवडशांचे गोल गोल तुकडे झाले होते आणि ते तिच्या डोक्याभोवती जात्यातल्या पिठासारखे फिरत होते. का फिरतात, हे मी सुनेला परतीच्या वाटेवर विचारलं. तिला नीट सांगता आलं नाही. काच तशीच घडवली आहे म्हणाली. काच घडवणाऱ्याला ते हवं होतं की नको होतं, हे तिलाही माहीत नव्हतं. मला अजून ते माहीत करून घ्यायचं आहे.

बाईने कॅमेरा घेतला. नाकाशी नेला, दूर नेला, परत जवळ आणला. गोंदणावर बोट ठेवलं. मग मागे.

“हे पांढरं काय हाये?”

माझ्या सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांग.

“तुमचे भासरे हायेत, मावशी.”

बाईने पुन्हा पाहिलं. फिरणाऱ्या उजेडात एक पांढरट ढग होता. त्याला डोकं नव्हतं, कान नव्हता, बाज नव्हती. माणूस की वाळत घातलेलं धोतर, कोणी सांगितलं नसतं.

“वळखू येत नाईत,” ती म्हणाली.

“नाई.”

“कोनालेच येनार नाईत?”

“कोनालेच नाई.”

“मंग हाच.” तिने कॅमेरा सुनेच्या हातात परत दिला. “मोठा करून आन. काच चांगली लाव. आन ते लेन्स का काय, ते परत पाठवू नको.” हे तिला कोणी सांगितलं होतं, ठाऊक नाही. मीच फोनवर बोलले असेन.

झाडाखालून आवाज आला.

“झालं काय? वळू?”

बाईला ते ऐकू आलं, तिला ऐकायचं असतं ते येतं. पण ती त्यांच्याशी बोलणार नव्हती. पदर भुवयांपर्यंत ओढत ती मला म्हणाली,

“सांग त्यायले. वळा म्हना.”

दोघांच्या मध्ये चार पावलं अंतर होतं. मी मान वळवून सांगितलं, “आबाजी, वळा.”